जंजिऱ्याच्या अलीकडे अडकलेल्या होड्या

होड्या मधेच थांबल्या आणि स्पीकरमधून माझाच रेकॉर्ड केलेला आवाज गरजला, "जंजिऱ्यावर भगवा फडकला!"

फडकतो कुठला? झेंडेवाला मावळा अजून होडीतच होता. उद्घाटनाचा दिवस, आणि समोर निम्मं भडगाव.

मी गणपतीचे हलते देखावे करतो. पुतळे, ते ओढणारी मोटर-चेन आणि वर कॉमेंट्री. यंदाचा विषय होता जंजिरा, समुद्रातला सिद्दीचा किल्ला. मंडळाचे अध्यक्ष सुनीलभाऊ यांना मी आधीच सांगितलं होतं, "भाऊ, तो मराठ्यांना कधीच घेता आला नाही."

"हार देखाले लोके कसाले येतीन? झेंडा लाव."

लावला. गिऱ्हाइकापुढे शहाणपण चालत नाही.

टाकीत खरं पाणी हवं, हाही भाऊंचाच हट्ट. पाणी दिसलं की आपल्या माणसांना फूल वाहिल्याशिवाय राहवत नाही. सकाळपासून बायाबापड्यांनी आमच्या अरबी समुद्रात झेंडू सोडला होता. एक अख्खा हार चेनमध्ये गुंतला. जळका वास आला तशी मी मोटर बंद केली, कॉमेंट्रीही. लोक हसायला लागले. एकदा हसं झालं की चोपडा-यावलची मंडळं पुढच्या वर्षी दारात उभं करत नाहीत.

हलत होता एकच पुतळा, तटाला शिड्या लावणारा कोळी. त्याची मोटर वेगळी.

पुढे बसलेल्या एका अक्कांनी विचारलं, "त्या एकला मानूसनं मंग काय व्हयनं?"

माइक हातात होता. म्हटलं, आता खरंच सांगू.

"अक्का, त्यानं रात्री जीव धोक्यात घालून शिड्या लावल्या. मागून यायची फौज आलीच नाही. उजाडायला लागलं, तसा तो शिड्या काढून परतला. किल्ला गेला हातचा. तरी महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. दर्यावरच्या माणसाला पालखी कशाला, म्हणून त्यानं ती नाकारली. मग महाराजांनी त्याला एक गलबत दिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पालखी', असं सांगतात."

हसणं थांबलं होतं. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

मी पक्कड घेऊन पाण्यात उतरलो, तर भाऊंनी दंड धरला आणि अडकलेल्या होड्यांकडे बोट केलं. "राहू दे. उद्या बी आठेच थांबाडजो."

दहाही दिवस होड्या तिथेच थांबल्या. विजयाचे देखावे मी पुष्कळ केलेत. लोक टाळ्या वाजवतात आणि पुढच्या मंडळाकडे जातात. पुढे काय झालं, हे विचारायला कोणी थांबत नाही.