पायाळूची पाठ

मी पायाळू आहे. आईच्या पोटातून येताना डोक्याआधी पाय बाहेर काढले. असल्या माणसाचा पाय कमरेला लागला की उसण जाते, हे आमच्या तापीकाठच्या गावांत कुणाला पटवून द्यावं लागत नाही. माहेरी होते तोवर माहेरच्यांच्या कमरा, लग्न होऊन शहादा तालुक्यातल्या ह्या गावात आले तर हळद उतरायच्या आत सासरच्यांच्या. कमर धरलेलं माणूस आमच्या उंबऱ्यात पालथं पडायचं. मी चौकट धरायची, डावा पाय तीनदा त्याच्या कमरेला लावायचा. लावताना खाली बघायचं नाही, समोर अंगणाकडे बघायचं. खाली बघितलं तर दुखणं पायाळूकडे येतं म्हणतात.

आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. हसा खुशाल, आमच्या शाळेतले गुरुजीही हसतात. उसण चार दिवसांत आपोआप उतरते हे मला कळत होतं, पण दारात पालथ्या पडलेल्या म्हातारीला स्नायूंचा धडा कोण शिकवणार? पाय लावला की ती हसत उठायची, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. सासूबाईंना तर माझ्या नोकरीपेक्षा ह्या पायाचं कौतुक जास्त. लग्नकार्यात नवीन पाहुणी भेटली की आधी हेच, मन्ही वहू पायाळू शे.

तर उन्हाळ्याची सुट्टी होती आणि आमच्याकडे कुरडया होत्या. चुलीवरचं चिकाचं पातेलं भरून उकळत होतं. शेजारणी सोऱ्या घेऊन गच्चीवर जाऊन बसलेल्या. एकटीने उचलू नको, असं सासूबाई ओरडल्याही. पण मला कुणाची वाट बघायचा जन्मापासून कंटाळा. वाकले, फडक्याने दोन्ही कान धरले, आणि पातेलं उचलून वळले तशी कमरेत कट्ट झालं. आवाज मला स्वतःला ऐकू आला. पातेलं कसंबसं जमिनीला टेकवलं आणि तिथेच ओणवी राहिले. सरळ होता येईना, खाली बसता येईना. शेजारणी धावत आल्या तर एकीला हसूच फुटलं. तिचं काय चुकलं, पायाळूच्याच कमरेत उसण भरली होती.

पहिले दोन दिवस मीही हसत होते. शेकून घेतलं, गोळी घेतली, पालथी पडून राहिले. तिसऱ्या दिवशी दुखणं कमरेतून निघालं आणि कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीच्या बाजूने थेट डाव्या पावलात उतरलं. ते दुखणं कसं होतं ते मला लिहिता येत नाही. शिंक आली तर डोळ्यांपुढे अंधार यायचा. संडासला जायचं तर ह्यांनी काखेत हात घालून उभं करायचं, सासूबाईंनी पुढून धरायचं आणि मी सगळी वाट आई गं आई गं करत जायचं. जेवणच कमी केलं, म्हणजे तिकडे जावं लागणार नाही. एकदा सासूबाईंनी भाकर पुढे केली तर मी ताट ढकलून दिलं. मरून जाईन तर सुटेन असं म्हणाले, आणि तेव्हा ते अगदी मनापासून म्हणाले होते.

बघायला माणसं यायला लागली. आमच्याकडे कमरेचं दुखणं म्हटलं की एकच शब्द, गॅप. येणारा खुर्चीत टेकायच्या आत विचारणार, गॅप पडना का? मग ज्याच्या त्याच्या गॅपची कहाणी. कुणी म्हणे गॅप भरून काढायला डिंकाचे लाडू, कुणी म्हणे उलटं टांगून घ्यायचं. मी पडल्या पडल्या त्यांच्या चपलांकडे बघत असे. नंदुरबारचे हाडांचे डॉक्टर मात्र एमआरआयचा फोटो उजेडावर धरून म्हणाले, की गॅप वगैरे काही नाही, उलट दोन मणक्यांमधली जागा कमी झाली आहे. मधली गादी फाटून बाहेर आली आहे आणि पायाची नस तिच्याखाली दाबली गेली आहे. त्यांनी माझ्या डाव्या अंगठ्यावर बोट ठेवलं आणि अंगठा वर करायला सांगितला. मी केला. त्यांनी थोडंसं दाबलं तर अंगठा लगेच खाली गेला. उजव्याला त्यांना जोर लावावा लागला.

ते म्हणाले, अजून थोडी ताकद आहे, बरेच लोक औषधाने आणि आरामाने बरे होतात, थांबून बघू. पण पाय लुळा वाटला, किंवा लघवी अडली, किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर एक दिवसही थांबायचं नाही, ऑपरेशन. हे सगळं आम्ही तिघांनी ऐकलं. घरी येईपर्यंत सासूबाईंच्या आणि ह्यांच्या कानात त्यातलं एवढंच राहिलं, की ऑपरेशनची गरज नाही. मलाही तेवढंच हवं होतं.

मग सासूबाईंनी तो विषय काढला. पायाळूला स्वतःचा पाय स्वतःच्या कमरेला लावता येत नाही, पण दुसरा पायाळू तर लावू शकतो. ह्यावर ओसरीवर वादच झाला. एकीचं म्हणणं, पायाळूला पायाळूचा गुण येत नाही. दुसरी म्हणाली, वकिलाला वकील लागत नाही का? सासूबाईंचे माहेरकडचे एक भाऊ कोरीटला असतात, म्हणजे माझे मामासासरे, तेही पायाळू. त्यांना फोन गेला. मी नाही म्हटलं नाही. विज्ञान शिकवणारी मी, फाटलेल्या गादीचा फोटो उशाशी ठेवून, मामा कधी येतात म्हणून दाराकडे बघत होते. दुखणाऱ्या माणसाला लाज नसते.

मामा आले. सत्तरीच्या घरातले, पण देह पैलवानाचा. मला दोघांनी उचलून उंबऱ्यात पालथं घातलं. आता सासऱ्याच्या नात्याचं माणूस समोर, आमच्याकडे डोक्यावरचा पदर ढळता कामा नये. मी जमिनीला नाक लावून पडलेली, पाठ उघडी, आणि हाताने चाचपडत पदर डोक्यावर ओढतेय. आज आठवलं की हसू येतं, तेव्हा रडू येत होतं. मी लोकांना पाय नुसता टेकवायची. मामांच्या घराण्यात पद्धत वेगळी, ते लाथ मारतात. पहिली बसली तेव्हा मी ओरडले. दुसरीला ओरडायलाही श्वास उरला नाही. तिसरी मला आठवत नाही.

आणि गंमत बघा, संध्याकाळी दुखणं कमी झालं. मांडीतली आग विझली, मी कुशीवर वळले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, मामा जेवून, पान खाऊन ऐटीत गेले. मला इतकं रडू आलं, बरी झाले म्हणून. सकाळी उठून पाय खाली सोडला तर पाऊल लोंबत होतं. अंगठा वर कर म्हणून मी मनातल्या मनात सांगत होते, उजवा निमूट वर होत होता, डावा हलेना. वर्गात एखादं पोर नाव पुकारूनही उठत नाही, तसं. दुखणं बरं झालं नव्हतं, नस मुकी झाली होती. लाथेने झालं की होणारच होतं, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही. मामांना आम्ही काहीच कळवलं नाही, त्यांनी बापड्यांनी भलं चिंतूनच केलं होतं.

डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, सुरतेला जा, आज निघालात तर उत्तम. आणि घरात एकच गलका सुरू झाला. मणक्याचं ऑपरेशन म्हणजे माणूस कायमचा आडवा, हे आमच्याकडे पायाळूच्या गुणाइतकंच पक्कं आहे. प्रत्येकाच्या ओळखीत रनाळ्याचा एक माणूस निघाला, ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेला. त्याचा मणका मुळात विहिरीत पडून मोडला होता, हे कुणी बोलेना. सासूबाईंचं म्हणणं एकच, एक पाय गेला तर काठी घे, दोन्ही गेले तर काय घेशील? हे माझ्याकडे बघत आणि मी ह्यांच्याकडे. तू सांगशील तसं, असं हे म्हणाले. आयुष्यभर घरात कुणी मला तू सांगशील तसं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते नेमकं ह्या वेळी. मला त्यांचा संताप आला. कुणीतरी माझ्यासाठी ठरवावं, चुकलं तर त्याला शिव्या घालता याव्यात, एवढंच मला हवं होतं.

दुपार झाली तरी मी ठरवलं नव्हतं. दुखत नव्हतं ना आता. न दुखणारं माणूस कापून घ्यायला कशाला जाईल? भिंत धरत मी एकटीच संडासला गेले आणि परत आले, पाऊल फरफटत. खाटेवर टेकले, मला वाटलं जमतंय की. तेवढ्यात सासूबाई मागून आल्या. त्यांच्या हातात माझी डाव्या पायाची चप्पल होती.

"ही न्हाणीपाशी पडनी व्हती," त्या म्हणाल्या.

मी पायाकडे बघितलं. पाय अनवाणी होता, पावलावर खरचटून रक्त आलेलं, मातीत माखलेलं. चप्पल कधी निघाली, कुठे खरचटलं, मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. आम्ही दोघी त्या रक्ताकडे बघत राहिलो. सासूबाईंनी पदराने माझं पाऊल पुसलं. मला पदर लागत नव्हता, त्यांचा हात हलताना फक्त दिसत होता. सकाळपासून सगळ्यांत मोठ्याने नाही म्हणणारी ती बाई होती.

"जाय बेटा," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन करी ले."

गाडीच्या मागच्या सीटवर मला आडवं घातलं. सुरत येईपर्यंत मला आभाळ आणि विजेच्या तारा एवढंच दिसलं. तिथल्या डॉक्टरांनी काही लपवलं नाही. दाब निघेल, पण पाऊल परत उठेल की नाही हे नस किती दबून मेली त्यावर, हमी कुणी देणार नाही. मी सही केली. आत नेताना मी ह्यांना म्हटलं, की काही झालं तरी मला लोळत ठेवू नका. त्यांनी काय उत्तर दिलं ते स्ट्रेचरच्या चाकांच्या खडखडाटात मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

मी आडवी झाले नाही. दुसऱ्या दिवशी उभी राहिले, आठवड्याने घरी आले. कमरेचं दुखणं गेलं ते गेलंच, रनाळ्याच्या माणसाची गोष्ट सांगणाऱ्यांना आता माझ्याकडे पाठवायला हवं. पण डावं पाऊल तसंच लोंबत राहिलं. डॉक्टर म्हणाले, नस हळू जागी होते, वर्षभर वाट बघा. मी वाट बघते, जिला वाट बघायचा जन्मापासून कंटाळा. रोज खाटेवर बसून अंगठ्याला हुकूम सोडते. पायात प्लास्टिकचा पट्टा घालून शाळेतही जाते. घरात पट्टा काढला की पाऊल खाली जातं. अंगठा हलला असं मला मधूनच वाटतं. ह्यांना हाक मारते, ते चष्मा लावून वाकून बघतात आणि म्हणतात, हो, थोडा हलला वाटतं. मला माहीत आहे, नाही हलला.

परवा रविवारी सकाळी सासूबाईंच्या कमरेत उसण भरली. भरणारच. इतके महिने मला उठव, बसव, न्हाऊ घाल, हे सगळं त्यांच्याच हातांनी झालं होतं. ओट्यापाशी कण्हल्याचं ऐकू आलं म्हणून मी आतून बाहेर आले, तर त्या उंबऱ्यात पालथ्या पडलेल्या. मी म्हटलं, माय, डॉक्टरकडे जाऊ. त्या हलल्या नाहीत. त्यांनी नुसतं तोंड माझ्याकडे वळवलं.

"तुन्हा पायमा गुण शे," त्या म्हणाल्या. "लाव."

मी चौकट धरली. डावा पाय मांडीतून उचलला, जेवढा उचलता आला तेवढा. नियमाप्रमाणे समोर अंगणाकडे बघितलं. कपडे वाळत होते, कोंबडी फिरत होती. पाय खाली सोडला. पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा सोडला तेव्हा घाम फुटला होता. अंगठ्याला काही लागलंय की नाही, मला समजेना.

"लागना का?" मी विचारलं.

"लागना," सासूबाई म्हणाल्या.

मग मी खाली बघितलं. माझं पाऊल त्यांच्या कमरेपासून वीतभर लांब, फरशीवर आडवं पडलेलं होतं.

सासूबाई उठल्या. चौकटीचा आधार घेत, एक हात कमरेवर दाबून, वाकड्याच.

"गयी उसन," त्या म्हणाल्या, आणि तशाच वाकून चुलीकडे गेल्या.