वरच्या टोल्याचे बैल

"तुम्ही कोकणातल्या लोकांनी बैल फक्त कॅलेंडरवर पाहिलेत," असं ऑफिसातली वर्षा डबा खाता खाता म्हणाली आणि मला झोंबलं. आमच्या अलिबागच्या आजोळी बैल होता, तेलाच्या घाण्याला. पण एक बैल म्हणजे पोळा नव्हे, हे तिचं म्हणणं खोडता येईना. वर्षाची पंचफुलामावशी वर्धा जिल्ह्यात, कारंजा (घाडगे)जवळच्या एका खेड्यात राहते. "जा, मी फोन करते तिला," वर्षा म्हणाली. मी त्याच दुपारी रजा टाकली.

घाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने आम्हाला शनवार तेली म्हटलं. आता घाणा गेला, ठाण्यात फ्लॅट आला, शनिवार तेवढा राहिला. हे पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

ठाण्याहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी वर्धा. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खा, पण तर्री "थोडीच" म्हणून सांगा. मी सांगितलं नाही, आणि गाडीवाल्यासमोर उभी राहून ढसाढसा रडले. "पह्यल्यांदाच आल्या का ताई?" एवढंच त्याने विचारलं. दुपारी बसने पवनारला गेले. आश्रमात शांतता आहे, धाम नदीला पाणी बरं होतं, खडकावर बसून पाय बुडवले. फोटोसाठी धावाधाव करण्यासारखं काही नाही, आणि तेच चांगलं आहे. परतताना गोरसपाक घेतला, म्हणजे वर्ध्याची तुपातली खुसखुशीत बिस्किटं. तुम्हीही घ्या, पण कडक डब्यात ठेवा. माझ्या पिशवीत त्याचा भुगा झाला.

दुसऱ्या दिवशी आर्वीमार्गे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बसमध्ये बायका जास्त आणि गप्पा त्याहून जास्त. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन. रस्ता काही ठिकाणी छान, काही ठिकाणी कंबरेची परीक्षा बघणारा. कारंजाला हायवेवर उतरले तर ढाबे, ट्रक आणि मोटरसायकल घेऊन उभे असलेले काका, म्हणजे पंचफुलामावशींचे यजमान. माणूस मितभाषी. गावापर्यंत एकच वाक्य बोलले, "धरून बसजा."

मावशी मात्र अंगणातूनच ओरडल्या, "ये वं बाई! किती वाळून गेली तू!" मी कधीच वाळलेली नव्हते, त्यामुळे त्या मला लगेच आवडल्या. उंच, काटक बाई. उजवं मनगट मात्र वाकडं. भाकरी डाव्या हाताने थापत होत्या आणि आपल्याच भाकरीच्या आकाराला नावं ठेवत होत्या.

त्या मनगटाची अर्धी गोष्ट मला वर्षाने सांगितली होती. जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि नाल्यापलीकडे भट्टी होती. मावशींनी आसपासच्या वस्त्यांना निरोप धाडले, बायका-माणसं गोळा केली आणि भट्टी फोडली. झटापटीत मनगट मोडलं. उरलेली अर्धी गोष्ट वर्षाने सांगितली नव्हती. सांगितली असती तर पुढचा घोळ झाला नसता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, तूप-हळद चोळतात आणि कानाशी लागून उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. गोठ्यात दोन गवळाऊ बैल होते, पांढरे, देखणे, अंगाने आटोपशीर. मावशी खांदा चोळता चोळता म्हणाल्या, "तुमच्यात कोनच्या कथा सांगतेत वं? एखादी सांग ना."

मला वाटलं, लढवय्या बाईला लढवय्या बाईचीच गोष्ट सांगावी. म्हणून सांगितली. फार जुन्या काळी आमच्या लोकांवर लोखंडी रथ घेऊन शत्रू चालून आला. तेव्हा पुढारी होती एक बाई, झाडाखाली बसून निवाडे करणारी. तिने सगळ्या कुळांना बोलावलं. जी आली ती जिवावर उदार होऊन आली. लढाई जिंकली. मग बाईने गाणं रचलं आणि कोण आलं, कोण नाही आलं, ते नावं घेऊन सांगितलं.

"मंग हे तं झडतीच झाली!" मावशी खूश. झडती म्हणजे पोळ्याला तोरणाखाली मोठ्याने म्हणायचं जोडून केलेलं गाणं. त्यात ज्याची टोपी उडवायची त्याची उडवून घेतात.

मला चेव आला. म्हटलं, "आणि रूबेनचं कूळ आलंच नाही, मावशी! त्यांच्या बैठका झाल्या, मोठे मोठे निश्चय झाले, आणि शेवटी आपल्या मेंढ्यांजवळ बसून पावा ऐकत राहिले."

काका खोकले. मावशींचा हात बैलाच्या खांद्यावरच थांबला. काहीतरी चुकलं हे कळलं, काय ते कळेना.

त्यांनी विचारलं, "मंग त्याईले काय केलं? शाप देल्ला?"

"शाप दुसऱ्या एका गावाला दिला. रूबेनला नुसतं विचारलं, का बसून राहिलास म्हणून."

"त्यानं काय सांगतलं?"

"उत्तर लिहिलेलं नाही."

"आन मंग? नाव टाकून देल्लं त्याचं?"

"छे हो. माझ्या सख्ख्या भावाचं नाव रूबेन आहे."

मावशी आत गेल्या. मग काकांनी, आयुष्यात साठवलेली सगळी वाक्यं खर्च करत असल्यासारखं, मला सांगितलं. डोंगराच्या पायथ्याशी वरचा टोला आहे, गुरं राखणाऱ्यांची वस्ती. तेच मावशींचं माहेर. भट्टीच्या दिवशी टोल्याने येतो म्हणून कबूल केलं होतं. मावशींचा धाकटा भाऊ सदाशिव स्वतः येऊन सांगून गेला होता. कोणी आलं नाही. माणसं कमी पडली, आणि मनगट गेलं. या राखीपौर्णिमेला मावशी माहेरी गेल्या नाहीत.

"आन उद्या झडती तिलेच म्हनाले सांगतलं गावानं. पह्यल्यांदाच बाई म्हनून राह्यली. टोल्यावाले म्हनते, तोरनाखाली आमची इज्जत काढली तं पुढच्या सालापासून आमचं तोरन अलग. मंग तिचं माहेर संपलंच समजा."

मी कपाळावर हात मारला. रात्री गोरसपाकाचा भुगा खात बसले आणि आपल्या जिभेला शिव्या दिल्या.

पोळा बघायचा तर दुपारीच जागा धरा. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, ते तुटलं की पोळा फुटतो. खाली बैल ओळीने उभे, शिंगांना बेगड, अंगावर झुली. पुरणपोळी खाऊन मला उभं राहवत नव्हतं. टोल्याचे बैल आले, पण लांब वडाखाली थांबले. सगळ्यात पुढच्या जोडीचा कासरा धरून एक दाढी वाढलेला माणूस. नाक मावशींचं, अगदी तेच.

मावशी पुढे आल्या. आवाज खणखणीत.

"खालची आळी आली, पदर खोचून आली,
शाळेमांगची आली, काठ्या घेऊन आली,
वरचा टोला काऊन बसून राह्यला?
गायीच्या घंट्या आयकत राह्यला?"

इथे लोकांनी "हर बोला हर हर महादेव" म्हणायचं असतं. कोणी म्हणालं नाही. पुढची ओळ कोणती येणार, कोणाची लाज निघणार, म्हणून सगळे श्वास धरून.

पुढची ओळ आली नाही. मावशींनी गाणं तिथेच सोडलं आणि साध्या आवाजात हाक मारली, "सदा, इचारून राह्यली ना मी. सांग."

तो माणूस खाली बघत म्हणाला, "भेव लागलं होतं, बाई. आमी सारेच भेलो."

"मले मालूम हाय," मावशी म्हणाल्या. "बैल घेऊन ये. तोरन तुटाले टाईम हाय अजून."

तो आला. त्याच्यामागे टोल्याच्या सगळ्या जोड्या नाही आल्या. काहीजण वडाखालूनच परत फिरले. पण जेवढ्या आल्या तेवढ्यांना लोकांनी सरकून जागा दिली. मग तोरण तुटलं, धुरळा उडाला, आणि मला पुढचं नीट दिसलं नाही. धुरळ्यामुळेच, असं मी काकांना सांगितलं.

आता घरी आहे. वर्षाला विचारते तर म्हणते, मावशी भाऊबीजेला माहेरी जाऊन आली, मनगट वाकडंच आहे, टोल्यातली अर्धी घरं अजून बोलत नाहीत. लहानपणापासून सिनागॉगमध्ये त्या लढवय्या बाईचं गाणं ऐकते मी. त्यातला रूबेनला विचारलेला प्रश्न मला कायम टोमणा वाटायचा. आता ऐकला की वडाखालचा सदाशिव दिसतो.

परवा मावशींचाच फोन आला. सदाशिवच्या गाईला गोऱ्हा झाला. पांढराशुभ्र. नाव मावशींनी ठेवलं, रूबेन.

भावाला सांगितलं तर तो आधी चिडला, "बैलाला माझं नाव?" मग हसला. म्हणाला, "बोलावलं की येतो का तरी?"

मी मावशींना फोन लावून विचारलं.

"येते नं," त्या म्हणाल्या. "वेळ लावते, पन येते."