जावेचा सा

बासरी शिकायची कल्पना माझी. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या शहापुरात आता ते कोणाला आठवत नाही. मंदिरातल्या बायकांच्या भजनात पेटी होती, ढोलकी होती, टाळ होते. बासरी नव्हती. ती मी वाजवावी, असं मला वाटलं. संगीताचे एक निवृत्त मास्तर दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांना मी विचारलं, वेळ मी ठरवली, बासऱ्या मी मागवल्या. धाकटी जाऊ निव्वळ सोबत म्हणून आली.

पहिल्या दिवशी बोटांचं कामच नव्हतं. बासरी आडवी धरायची, फुंकायच्या भोकाचा थोडा भाग खालच्या ओठानं झाकायचा आणि पलीकडच्या काठावर हवेची बारीक धार सोडायची. मी लहानपणापासून चूल फुंकलेली बाई. गाल फुगवले आणि दिला जोर. नुसता वारा.

"बाई, ते फुकनी नोहोय," मास्तर म्हणाले. "चूल पेटवून राहिल्या काय?"

मग जावेनं बासरी ओठाला लावली आणि गोल, भरलेला सूर निघाला.

"चुकून निघाला वो बाई," ती मला म्हणाली.

चुकून निघालेला सूर दुसऱ्यांदा निघाला, तिसऱ्यांदाही निघाला. आठवड्याभरात वरची तीन भोकं झाकून ती सा लावायला लागली. माझा सा सर्दी झाल्यासारखा यायचा, तोही मनात आलं तर.

हायवेला लागून आमचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तिथं सराव करायची. जोरात फुंकलं की डोकं गरगरायचं, हळू फुंकलं की काहीच नाही. एकदा युरिया घ्यायला आलेला ओळखीचा शेतकरी दारात थांबला आणि आभाळाकडे बघत म्हणाला, "वैनी, वारा सुटला वाटते." मी त्याला पोतं दिलं आणि बासरी काउंटरखाली ठेवली.

एका बाबतीत मात्र मी पुढं होते. भोकं बोटांच्या टोकांनी नाही, पेरांच्या गादीनं सपाट झाकायची असतात. माझी बोटं लांब, भोकं चटकन बंद होत. जावेचे हात लहान. सगळी भोकं झाकून खालचा पंचम लावायचा म्हटलं की तिच्या बोटांखालून हवा निसटायची आणि सूर फाटायचा. तो फाटला की मला बरं वाटायचं. घरी आल्यावर मी भाजीत तेल सढळ हातानं टाकायची.

मंदिरातल्या सप्ताहाच्या शेवटी गोपाळकाला असतो. त्यात बासरी ठेवू, पण एकच, असं मास्तरांनी सांगितलं. "दोन शिकाऊ बासऱ्या एकाजागी आल्या का भांडतात." सा ते खालचा पंचम जी नीट वाजवेल ती बसेल. तिच्याकडे फूक होती, माझ्याकडे बोटं. मला आशा होती.

तेवढ्यात दीर नागपूरहून जावेसाठी लहान बासरी घेऊन आला. बारीक, भोकं जवळजवळ, तिच्या हाताच्या मापाची. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "पहिलेच काहून आणल्या होत्या दोन? एकीत भागलं असतं ना दोघींचं." असल्या माणसाला बासरी कळत नाही आणि बायकोही.

लहान बासरीची पट्टी वरची. मला वाटलं, आता पेटीशी जुळणार नाही. मास्तर म्हणाले, "पेटीची पट्टी बदलवून घेऊ, त्याले काय लागते!" जावेनं सा ते पंचम वाजवला. सगळे सूर जागेवर. मी वाजवला तेव्हा बोटं अचूक पडली आणि अर्ध्या वेळा नुसती हवा गेली.

त्या संध्याकाळी कणीक मळताना मी तिला सरळ विचारलं, "तू हवा सोडते तरी कशी?"

"काय मालूम बाई. शिटीवानी."

"तुले शिटी येते?"

तिचं माहेर एकोडीचं. धान भरलं की पाखरं बसत, आणि ती उडवायला या पोरी बांधीच्या पाळीवर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, बसून शिट्ट्या मारत. "बाप दिसला का चूप," ती म्हणाली आणि ओठ गोल करून एक लांब शिटी घातली. तुमसरला माझ्या माहेरी मुलीनं शिटी मारली असती तर तोंड फुटलं असतं.

"घरात शिटी कोण मारून राहिलं वो?" बाहेरून सासूबाई.

"कुकर होय, आई," मी म्हटलं. गॅसवर तवा होता.

काल्याच्या दिवशी माझ्या हातात टाळ होते. बासरीवर जाऊ. पंचम आला तेव्हा मी टाळ जरा हळू केले, फाटला तर नीट ऐकू यावा म्हणून. फाटला नाही. बायका वळून वळून तिच्याकडे बघत होत्या.

भजन संपल्यावर शेजारची म्हणाली, "दोघी जावा शिकता म्हणे? मग तुम्ही काहून नाही वाजवली?"

"माझ्या बासरीची पट्टी वेगळी आहे," मी सांगितलं. खोटं नव्हतं. तिनं मोठं काही समजल्यासारखी मान हलवली.

मी टाळ पिशवीत भरले आणि काल्याचा द्रोण घ्यायला रांगेत उभी राहिले. पुढं जाऊ होतीच.