भाटीजी म्हणतात, दोन्ही सारखेच!

टीव्हीच्या शोरूममध्ये काम करणाऱ्या बाईला घरी टीव्ही बघायची हौस उरत नाही. दिवसभर माझ्यासमोर तीस पडदे चालू असतात आणि तिसांवर नमुन्याच्या व्हिडिओतला तोच पोपट उडत असतो. खरा कार्यक्रम असतो तो पडद्यांपुढे उभ्या राहिलेल्या माणसांचा! संध्याकाळी जवाहर नगरला घरी पोचले की नवरा दारातच विचारतो, "आज काय झालं?" चहा होईपर्यंत माझे दोन किस्से सांगून होतात आणि दुसऱ्या दिवशी नवे दोन तयार असतात. चार वर्षांत इतके साठलेत की एखादा सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच आठवतो.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याची बँकेतून जयपूरला बदली झाली. मुलगी शाळेत गेली की घर नुसतं खायला उठायचं, म्हणून राजा पार्कातल्या या शोरूममध्ये लागले. खाली फ्रीज, वॉशिंग मशीन, गीझर. पहिल्या मजल्यावर टीव्ही. तिथे आम्ही दोघंच, मी आणि भाटीजी. अठ्ठावन्न वर्षांचे, पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट. टीव्ही खोक्याएवढा होता तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं ते याच मजल्यावर टीव्ही विकतायत. मालक म्हणजे सेठजी. ते खाली गल्ल्यावर.

इथलं बोलणं सगळं हिंदीत. मी तुम्हाला मराठीतच सांगते, पण काही वाक्यं आहेत तशीच ठेवलेली बरी.

पहिल्याच दिवशी भाटीजींनी माझी शिकवणी घेतली. "मॅडमजी, एलईडी मतलब खोलीत दिवा आणि दाराला पडदा. पडदा कितीही ओढा, फटीतून उजेड येणारच. म्हणून त्याचा काळा रंग जरा राखाडी. ओएलईडी मतलब प्रत्येक ठिपक्याचा स्वतःचा दिवा. काळं पाहिजे? दिवाच बंद!"

"आणि क्यूएलईडी?"

"पहिलाच हो! पण लग्नाला जायला नटून आलेला!"

आजही गिऱ्हाइकांना मी हेच सांगते.

*

ओएलईडीचा काळा रंग दाखवायला आमच्याकडे काळे पडदे लावलेली एक छोटी खोली आहे. एका शनिवारी भाटीजी एका कंत्राटदार साहेबांना घेऊन आत गेले. बाहेर मला सगळं ऐकू येत होतं.

"देखिए साहब, ये है असली काला! कुआँ है, कुआँ!"

"वाह!"

"आता या बाजूने बघा. काही फरक?"

"बिलकुल नहीं! वाह!"

पाच मिनिटं हे चाललं होतं. मी चहाचं विचारायला आत गेले, तर टीव्हीचा प्लग खाली लोळत पडलेला! सकाळी झाडू मारताना निघाला असणार. दोघं बंद टीव्हीचं कौतुक करत उभे होते. मी हळूच भाटीजींच्या कानात सांगितलं. गडी अजिबात डगमगला नाही.

"तो? इससे ज्यादा काला कौन दिखाएगा?"

मग प्लग लावून रीतसर दाखवला आणि साहेबांनी तोच घेतला, हे आपलं सांगून ठेवते.

*

ओएलईडी विकताना एक गोष्ट मात्र मी लपवत नाही. एकच चित्र दिवसभर, महिनोन्‌महिने ठेवलं तर त्याची पुसट सावली पडद्यावर कायमची उमटू शकते.

एक आजी आल्या, सोबत सून आणि नातू. सून म्हणाली, "आमच्या मांजींना दिवसभर ठाकुरजींच्या मंदिराचं लाइव्ह दर्शन लागतं. सकाळी सहाला लावतात, रात्रीपर्यंत हात लावू देत नाहीत."

मी म्हटलं, "मग हा नका घेऊ. ठाकुरजींची सावली पडद्यावर राहून जाईल."

आजी इतका वेळ खुर्चीत डुलक्या घेत होत्या. त्या ताठ बसल्या. "राहून जाईल मतलब?"

"मतलब दुसरं चॅनल लावलं तरी मागे थोडे थोडे दिसत राहतील."

"हा मुलगा क्रिकेट लावेल तेव्हाही?"

"हो, तेव्हाही."

"बहू," आजींनी पदर सावरला, "यही बँधवाओ!"

*

आपली माणसं येतात ना, त्यांची मजा निराळीच. विम्याच्या ऑफिसात बदलून आलेलं एक जोडपं आलं होतं. कागदावर तक्ता करून आणलेला, बारा टीव्ही, प्रत्येकापुढे आठ रकाने! मी कुठली हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि माझं हिंदी आता बऱ्यापैकी खपून जातं. मी एकेक टीव्ही समजावून सांगत होते आणि मध्ये मध्ये दोघांची मराठीत खलबतं चालली होती.

"म्हातारा भला दिसतोय हो," बाई म्हणाल्या. "त्यालाच विचारा. ही बाई मात्र बेरकी आहे."

"बेरकी तर आहेच. बघ ना, महागाच्याच पुढे उभी राहते सारखी."

मी पुढच्या टीव्हीची माहिती हिंदीतच सांगत राहिले. गृहस्थांनी भाटीजींना बाजूला घेतलं आणि दोन टीव्हींकडे बोट दाखवलं. एक साधा एलईडी, दुसरा जवळजवळ दुप्पट किमतीचा. "भाटीजी, खरं सांगा. काय फरक?"

भाटीजी दोन्हींसमोर उभे राहिले, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. "सच बताऊँ साहब? मुझे तो दोनों एक जैसे लगते हैं."

एवढा खरं बोलणारा सेल्समन दोघांनी जन्मात पाहिला नव्हता. तक्ता घडी करून खिशात गेला आणि साधा टीव्ही पक्का झाला. बिल होईपर्यंत मी ट्रे घेऊन त्यांच्यापुढे गेले.

"बेरकी बाईच्या हातचा चहा चालेल ना काकू?"

काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण बाई मनाने चांगल्या. आता त्यांच्याकडून दर संक्रांतीला मला तिळगूळ येतो.

*

भाटीजींच्या या "दोन्ही सारखेच"ची कीर्ती जयपूरभर झाली. लोक खाली येऊन विचारायचे, "ते खरं बोलणारे काका आहेत का वर?" सेठजींना मात्र घाम फुटायचा. महागातले टीव्ही भिंतीवर तसेच टांगलेले! एक दिवस ते जिना चढून वर आले.

"भाटीजी, दिवाळीपर्यंत बघतो. असंच चाललं तर दिवाळीला वर नवा माणूस आणि तुम्ही खाली गीझरवर."

सेठजी खाली गेले आणि भाटीजी स्टुलावर बसले. मला म्हणाले, "मॅडमजी, गीझरमध्ये माणसाने दाखवायचं काय? बटन दाबा आणि अर्ध्या तासाने हात घाला?" बोलले हसून, पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मला फार वाईट वाटलं.

मला एकच कळत नव्हतं. हा माणूस खोटं बोलणारा नव्हे आणि कामचोर तर नव्हेच. दिवसातून सहा वेळा मऊ फडकं घेऊन तीसच्या तीस पडदे पुसायचे! "राजा पार्क में धूल बहुत है," म्हणायचे. मी पुसलेल्या पडद्यावरूनही पुन्हा फडकं फिरवायचे. मला मेलीला वाटायचं, माझ्या कामात खोट काढतायत.

*

उलगडा केला तो एका लहरियावालीने. साड्यांचं दुकान चालवणाऱ्या या बाई स्वतःची गुलाबी लहरिया, म्हणजे इकडची लाटांसारख्या पट्ट्यांची साडी घेऊनच आल्या. दुकानात एक टीव्ही लावायचा होता, साड्या दाखवायला.

"हा पोपट बंद करा. माझी लहरिया दाखवा!"

मग मोबाइलवर साडीचं शूटिंग केलं आणि सगळ्या टीव्हींवर लावलं. तीस पडद्यांवर गुलाबी साडी! बाई खरी साडी हातात धरून एकेका टीव्हीजवळ जाऊन पडताळत होत्या. एका टीव्हीसमोर थांबल्या. "हा द्या!"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "जिजी, यात रंग जरा भडक दिसतो. तुमच्या साडीसारखा खरा शेजारच्यात आहे."

"खरी साडी कपाटात आहे, बेटी. मला विकायची आहे!"

तेवढ्यात भाटीजी पुढे झाले. "जिजी, तसे दोन्ही सारखेच आहेत. दोन्हींचा गुलाबी एकच."

बाई गर्रकन वळल्या. साडी खांद्यावर टाकली आणि भाटीजींच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"जयपूरचा माणूस आणि दोन गुलाबी ओळखू येत नाहीत? आँख दिखाओ अपनी!"

आणि खरंच त्यांच्या डोळ्यात बघितलं हो! मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यांना टीव्हीसमोर काय उभं केलंय? दवाखान्यात न्या!"

*

भाटीजी कसले जातायत! "डोळ्याला चाकू लावून घेऊ? त्यापेक्षा गीझर बरा." मी आठ दिवस मागे लागले. शेवटी त्यांच्या बायकोला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला भाटीजी मुकाट्याने माझ्या स्कूटरवर मागे बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून बघितलं. "मोतीबिंदू आहे, तोही चांगला पिकलेला. कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं ना!" भाटीजींचा पारा चढला. "फक्त फिकं दिसतं."

"मग आला का नाहीत?"

"मला वाटलं, कंपनीवाले हल्ली हलका माल पाठवतायत!"

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च खाली ठेवला आणि पोटभर हसून घेतलं. मीही हसले. मग ती सहा वेळा पुसलेली धूळ आठवली. ती पडद्यांवर नव्हतीच कधी!

*

ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी, दिवाळी तोंडावर आलेली असताना, भाटीजी काळा गॉगल लावून जिना चढले. सेठजीही मागोमाग वर आले. भाटीजींनी भिंतीसमोर उभं राहून गॉगल काढला.

एका पडद्याला नाक लावून बघितलं. मग म्हणाले, "मॅडमजी, या पोपटाच्या पंखाला निळी किनार आहे?"

"चार वर्षं आहे, भाटीजी."

मग ते त्या दोन टीव्हींसमोर गेले, साधा आणि महाग. याच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि स्टूल ओढून बसले.

"हे सारखे नाहीत."

"नाहीत," मी म्हटलं.

"मी कितीजणांना सांगितलं सारखे म्हणून?"

त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. टीव्ही नेलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर त्यांच्या हाताने लिहिलेला. पहिलं पान काढून फोन लावायला घेतला.

"हे काय करताय?" सेठजी ओरडले. "सीझन आहे! लोक टीव्ही परत घेऊन येतील!"

"येऊ द्या, सेठजी. गीझरवर पाठवायचं तर आजच पाठवा. पण एवढे फोन करून मगच खाली उतरेन."

भाटीजी फोनवर बोलतात ते स्पीकर लावूनच. पहिलाच नंबर सिव्हिल लाइन्समधल्या एका मोठ्या साहेबांचा. त्यांच्या घरात आजवरचा प्रत्येक टीव्ही भाटीजींनीच दिलेला. साहेबांनी फोन उचलला आणि भाटीजी सरळ उभे राहिले.

"साहब, राजा पार्कहून भाटी बोलतोय. होळीच्या वेळी तुम्ही दोन टीव्ही बघितलेत आणि मी म्हणालो, दोन्ही सारखेच. चूक बोललो, साहब. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता. आता ऑपरेशन झालंय. दोन्हींत खूप फरक आहे. माफ करा."

सेठजींनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं.

"भाटीजी," साहेब म्हणाले, "फरक मला तेव्हाच दिसला होता."

"मग घेतलात कशाला, साहब?"

"तुम्ही म्हणालात ना सारखेच! मला वाटलं, माझेच डोळे बिघडले. दुसऱ्या दिवशी जाऊन चष्मा बदलून आलो!"

भाटीजींचं तोंड उघडंच राहिलं. माझंही.

"बरं, आता तुम्हाला नीट दिसतंय ना? मग धनत्रयोदशीला येतो. मोठा टीव्ही घ्यायचाय, तुम्हीच निवडा. पहिल्या मजल्यावरच असता ना अजून?"

भाटीजींनी मान खाली घातली. मग डोळे वर करून सेठजींकडे बघितलं.

सेठजींनी डोक्यावरचे हात काढले, भाटीजींच्या हातातल्या फोनवर वाकले आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "जी साहब, और कहाँ जाएँगे? पहली मंजिल पर ही मिलेंगे!"