न पटणारी अळी

कापूस ओटीत बोंडाबोंडानं जमते. कंबर सरळ केली की मग वजन कळते. किस्स्यायचंही तसंच. संमेलनायच्या वाऱ्या करता करता एवढे जमले, की आता ओटी सोडतोच.

मी केळापूरचा. शाळा बाहेरूनच पाह्यली. गोष्ट मी सांगतो, लिहिते माही सून वंदना. याले विज्ञानकथा म्हणतात, हे मले तिसरी कथा छापून आल्यावर कळलं!

*

पुण्याच्या संमेलनात नाव नोंदवाले गेलतो. कागदावर 'शिक्षण' असा रकाना. वंदनानं लिहिलं, 'नाही'.

तिथली पोरगी अदबीनं म्हणे, "सर, कोणत्या विषयात?"

*

तिथंच एका प्राध्यापकानं विचारलं, "तुमचा यंत्रमानव सारखा आभाळाकडे का बघतो? काय सुचवायचंय?"

मी म्हटलं, "साहेब, त्याले कोरडवाहू वावरात कामाले लावला ना!"

सारा हॉल ते वहीत लिहून घेऊन राह्यलता. मी हबकलोच!

*

मग प्रकाशकबाईंचा फोन आला. नऊ कथांचं पुस्तक काढू म्हणे, पण बोंडअळीची कथा वगळू.

"आजोबा, फवारणीचं विष पिऊन ताजीतवानी होणारी अळी! वाचकांना पटणार नाही."

फोन ठेवला अन् वंदनाले सांगितलं. चंद्रावरची कापसाची पऱ्हाटी पटली, यंत्रमानवाचं लग्न पटलं, अन् अळी नाही पटली?

ती कथा वंदनानं चारदा लिहून काढलती, वेचणीनं बोटं फाटली असताना. ती म्हणे, "मामाजी, अळी नाही तर पुस्तक नाही."

डोळे मिटाच्या आधी पुस्तक हाती यावं, असं मले लय वाटे. पण बाईंले मी तिचंच म्हणणं कळवलं.

*

माहा जुना सोबती गणपत. त्याले अंगणात बसवून वंदनानं तीच कथा वाचून दाखवली. त्यानं बिडी विझवली.

"काहून रे, शंभर वर्षांपुढची गोष्ट म्हणतेस हिले? हे तर माह्या वावरात मंगळवारी झालं!"

*

पुस्तकाचं शेवटचं काय ते बाईंसंगं नागपूरच्या संमेलनात ठरणार होतं. पहिल्या वेचणीआधी आम्ही वावरात दहीभात शिंपून पूजा करतो, सीतादही म्हणतो तिले. बाईंकडे रिकाम्या हातानं कसं जाचं? पूजेतलं मानाचं बोंड नेलं. अर्धं उमललेलं.

बाईंनी ते कौतुकानं माइकजवळ ठेवलं अन् भाषण सुरू केलं. "कल्पनेलासुद्धा पुरावा लागतो..."

तेवढ्यात बोंडातून गुलाबी अळी वळवळत बाहेर!

बाई किंचाळल्या. एक कार्यकर्ता झुरळं माराचा फवारा घेऊन धावला. घाबरून पुरा डबा अळीवर रिकामा केला त्यानं! अध्यक्ष खोकले, पाहुणे खोकले, अख्खा हॉल दाराकडं पळाला.

बाहेर बाई पदरानं डोळे पुसून राह्यलत्या. वंदनानं पाण्याची बाटली पुढं केली.

"आजोबा," घोट घेऊन बाई म्हणाल्या, "ती कथा राहू द्या पुस्तकात."

मी दारातून आत डोकावलो. खुर्च्या रिकाम्या. मंचावर ती एकटीच, माइकवर चढून राह्यलती.