घरात तेलुगू बंद

पालकसभेत बाई म्हणाल्या, "घरी मराठीच बोला की. मुलगी वर्गात अडखळते." आमचं घर विणकरांचं, बोलणं तेलुगू. मी मराठी वर्तमानपत्रात नोकरी करतो, त्यामुळे सल्ला लगेच पटला. त्याच संध्याकाळी घरात तेलुगू बंद झाली.

माझ्या आईला मराठी जेमतेम कळते. तोवर ती विड्या वळायला बसली की मुलगी शेजारी बसून शाळेत शिकवलेलं तिला तेलुगूत सांगायची. "झाडाची पानं अन्न तयार करतात म्हणतेस, मग चूल कुठंय त्यांची?" असं आई विचारायची आणि मुलगी पुन्हा पुस्तक उघडायची. तिचा अभ्यास तिथंच होत होता, हे आम्हाला कळलं नाही.

सहामाहीनंतर बाई म्हणाल्या, "मराठी सुधारली. पण आता नुसतं पाठ करते. का म्हणून विचारलं की गप्प."

घरी येऊन मी सांगितलं, पहिल्यासारखं बोला. आईने तेलुगूत विचारलं, "आज काय शिकवलं गं?"

मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग ती मराठीत म्हणाली, "तुला नाही कळणार, अव्वा."

तेवढी मराठी आईला समजली.