दारातल्या नऊ नंबरच्या चपला

कोपरच्या त्या इमारतीतली चौकशी मला आजही आठवते, आणि आठवली की आधी चपलाच डोळ्यांसमोर येतात.

तेव्हा मी डोंबिवली पश्चिमेला सहायक पोलीस निरीक्षक होतो. एका सकाळी एका सोसायटीचे सेक्रेटरी लेखी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात आले. "साहेब, तिसऱ्या माळ्यावर भाडेकरू जोडपं आहे. चार महिने झाले, नवरा कोणी बघितलेलाच नाही. काहीतरी लफडं आहे. खाली करायला लावा त्यांना."

भाडेकरूंची फाईल काढली. मालकिणीने माहिती वेळेवर दिली होती. पत्नी दवाखान्यात नोकरीला, पती बोटीवर. ओळखपत्राची प्रत मात्र एकट्या पत्नीची, आणि आमच्या हवालदाराने डोळे मिटून त्यावर शिक्का मारलेला. बोटीवरचा माणूस दिसत नाही यात नवल ते काय? पण अर्ज आला की चौकशी आली. महिला शिपायाला घेऊन मी निघालो.

इमारतीसमोरचा रस्ता गटारासाठी खणला होता. दारोदारची पादत्राणं मातीने माखलेली. तिसऱ्या माळ्यावर मात्र पुरुषी चपलांचा एक जोड लख्ख होता. उचलून पालथा केला. तळ कोरा, नंबराची चिठ्ठीसुद्धा शाबूत. नऊ.

दार तिशी ओलांडलेल्या बाईंनी उघडलं. गळ्यात मंगळसूत्र होतं.

"मिस्टर शेवटचे कधी आलेले?"

"गणपतीत आलेले."

"आणि अनवाणीच फिरले?" मी चपलांकडे बोट दाखवलं.

चौकशीत माझं शास्त्र एकच. नेमका प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसलेला पोलीस लोकांना सोसवत नाही. बाई खुर्चीवर टेकल्या.

"सर, नवरा नाहीच आहे. लग्नच झालेलं नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सतरा घरं बघितली. परवडेल तिथे 'फॅमिलीच पाहिजे', आणि एकटीला देतात तिथे भाडं परवडत नाही. शेवटी एजंट म्हणाला, मॅडम, गळ्यात काहीतरी घाला. मग चपलाही आणल्या. दर रविवारी पुसते. हे घर गेलं तर मी कुठे जाऊ?"

"पण नऊच नंबर का?"

"दुकानदाराने माप विचारलं. तोंडातून बाबांचं निघालं. ते आता नाहीत."

मला वाईट वाटलं, पण पोलिसांना खोटी माहिती देणं गुन्हा आहे हे बजावलंच. जबाब घेतला आणि सेक्रेटरींना व मालकिणीला बोलावलं. ती गावातली जुनी शेतकरीण. तिच्याच जमिनीवर इमारत उभी राहिलेली. सेक्रेटरी तिला सोसायटीचे नियम ऐकवू लागले, तशी म्हातारी उसळली, "माझा पन दादला नाय, वीस वरसं झाली. मंग मना पन भायेर काढनार का रं?"

सेक्रेटरींनी आपला अर्ज मागे घेतला. बाईंनी नवी माहिती भरली आणि पतीच्या रकान्यात रेघ मारली. कडक ताकीद देऊन मी प्रकरण निकाली काढलं.

माणसं खोटं का बोलतात हे शोधण्यात माझी अख्खी नोकरी गेली. ते खोटं त्यांच्या तोंडी कोण घालतं, हे मात्र कधी तपासलं नव्हतं. नौपाड्यातलं आमचं छोटं घर तेव्हा भाड्याने द्यायचं होतं, आणि आदल्याच रविवारी मी एजंटला बजावलं होतं, "फॅमिली असेल तरच ने." शरम वाटली. संध्याकाळी त्याला फोन केला, "कोणीही चालेल. एकटं असलं तरी. फक्त कागद खरे हवेत."

तो म्हणाला, "मग साहेब, उद्या जोडपं आणणार होतो ना, त्यातला नवरा कॅन्सल करतो."